आसरा दिला, पण एकट्यालाच

४ सप्टेंबर २०२५ रोजी दुपारी तीन वाजता ब्रिटनच्या गृहखात्याने एका प्रकारचे नवे अर्ज घेणं थांबवलं. आश्रय मिळालेल्या निर्वासिताला आपली बायको किंवा नवरा आणि अठरा वर्षांखालची मुलं बोलावून घेता येत होती, त्यासाठीचे हे अर्ज. त्याला फी नव्हती, उत्पन्नाची अट नव्हती, इंग्रजीची परीक्षा नव्हती. आधीच्या वर्षभरात साधारण वीस हजार जणांना या मार्गाने व्हिसा मिळाला होता आणि त्यांत बहुसंख्य बायका आणि मुलं होती. आता निर्वासितानेही ब्रिटिश नागरिकांसारखाच नेहमीचा कौटुंबिक व्हिसा मागावा, असं सांगण्यात आलं. त्यासाठी वर्षाला किमान २९,००० पौंडांची कमाई दाखवावी लागते, म्हणजे तीस लाख रुपयांहून जास्त. शिवाय प्रत्येक माणसामागे भरभक्कम फी आणि आरोग्यसेवेचा अधिभार. आश्रयाचा निकाल लागेपर्यंत ज्याला सहसा कामही करू दिलं जात नाही, त्याने हे पैसे आणायचे.

तेव्हा ही स्थगिती तात्पुरती आहे असं म्हटलं गेलं. नोव्हेंबरमध्ये सरकारने पुढचा आराखडा मांडला, त्यात आश्रयच अडीच-अडीच वर्षांच्या हप्त्यांनी मिळणार, कायम वास्तव्यासाठी वीस वर्षं थांबावं लागणार आणि कुटुंब आणण्याचा आपसूक हक्क राहणार नाही. यातलं बरंचसं डेन्मार्ककडून उचललेलं आहे आणि सरकार ते लपवतही नाही.

'तू परत गेलास तर तुझ्या जिवाला धोका आहे' असं एखाद्या माणसाच्या बाबतीत सरकारनेच चौकशी करून, लेखी दिलं, की त्याचा संसार कुठे उभा राहू शकतो हेही त्याच कागदाने ठरून जातं. तो तिकडे जाऊ शकत नाही. मग बायका-मुलांनी इकडे यायचं, एवढी एकच वाट उरते. तीही अडवली तर घर फोडण्याचं काम अर्धं युद्धाने आणि अर्धं कायद्याने केलं, असं म्हणावं लागेल. म्हणून कुटुंब आणण्याचा हक्क हा आश्रयाचाच भाग असला पाहिजे. तो मागाहून, मर्जी असेल तर देण्याची सवलत असू नये.

यावर ब्रिटिश सरकारचा मुद्दा ऐकायला रास्त वाटतो: आमच्या नागरिकाला परदेशी बायको आणायची तर २९,००० पौंड दाखवावे लागतात, मग निर्वासिताला माफी कशाला? पण नागरिकाला दुसरा पर्याय असतो. पैसे जमले नाहीत तर तो बायकोच्या देशात जाऊन राहू शकतो. आपल्याकडे एकेका सोसायटीत कुणाचा ना कुणाचा मुलगा लंडनला, रेडिंगला नाही तर न्यू जर्सीला आयटीत असतो. लग्न झालं की सून 'डिपेंडंट'वर जाते, कागदपत्रांच्या कटकटीवर दोन्ही घरांत चर्चा होते, आणि व्हिसा लांबलाच तर मुलगा चार आठवडे रजा टाकून गणपतीला येऊन जातो. निर्वासित असा गेला तर? १९५१ च्या निर्वासित करारातच तरतूद आहे की माणसाने आपखुशीने पुन्हा मायदेशाचं संरक्षण घेतलं तर त्याचा निर्वासित दर्जा संपू शकतो. बायकोला भेटायला गेलेला माणूस परतीच्या विमानतळावर 'मग तुम्हाला धोका कसला?' या प्रश्नाला उत्तर देत बसतो. म्हणजे ज्याला घरी जाता येतं त्याला कुटुंब आणायचीही सोय आहे, आणि ज्याला जाता येत नाही त्याची तीच सोय काढून घेतली.

हे घडू शकतं, कारण मूळ करारातच एक मोठी फट आहे. २८ जुलै १९५१ रोजी जिनिव्हात मंजूर झालेल्या करारात शिक्षण, नोकरी, न्यायालय, प्रवासाची कागदपत्रं या सगळ्यांवर कलमं आहेत. कुटुंब एकत्र आणण्यावर एकही नाही. परिषदेच्या अंतिम ठरावात मात्र एक शिफारस आहे. कुटुंबाची एकजूट हा निर्वासिताचा अत्यावश्यक हक्क आहे आणि त्याला सतत धोका असतो, म्हणून सरकारांनी आवश्यक ती पावलं उचलावीत, असं तीत म्हटलंय. मंडळींना प्रश्न नीट कळला होता, हे त्यावरून दिसतं. कलमात घालण्याइतकी हिंमत मात्र कुणाची झाली नाही. पुढे १९८९ च्या बालहक्क करारातल्या दहाव्या कलमाने मुलं आणि आईवडील यांनी पुन्हा एकत्र येण्यासाठी केलेले अर्ज सकारात्मक, माणुसकीच्या आणि तातडीच्या रीतीने हाताळावेत असं सांगितलं. तेही अर्ज कसे हाताळावेत याबद्दल. हक्क आहे असं सरळ तिथेही म्हटलेलं नाही.

युरोपीय संघाने २००३ मध्ये त्यातल्या त्यात ठोस नियम केला. निर्वासिताने दर्जा मिळाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज केला तर घर, विमा, उत्पन्न यांचे पुरावे मागायचे नाहीत, अशी त्याची साधारण रचना. पण हा नियम करारातल्या अर्थाने 'निर्वासित' ठरलेल्यांनाच लागू. सीरियातून बॉम्बच्या भीतीने पळालेल्या माणसाला अनेकदा 'दुय्यम संरक्षण' नावाचा वेगळा दर्जा मिळतो, कारण त्याचा व्यक्तिशः छळ होतोय असं सिद्ध होत नाही, नुसतं युद्ध चालू आहे एवढंच सिद्ध होतं. बॉम्ब दोघांच्याही घरावर सारखाच पडतो, पण एकाची बायको तीन महिन्यांत अर्ज करते आणि दुसऱ्याची थांबून राहते. जर्मनीने मार्च २०१६ मध्ये या दुसऱ्या गटाचा कुटुंब आणण्याचा हक्क स्थगित केला. ऑगस्ट २०१८ पासून महिन्याला १,००० व्हिसा असा कोटा ठेवला. २०२५ च्या जुलैपासून पुन्हा दोन वर्षांसाठी सगळं थांबवलं. जर्मनीत या दर्जावर राहणारे लोक साडेतीन लाखांहून जास्त आहेत.

डेन्मार्कने तर थेट तीन वर्षांची प्रतीक्षाच कायद्यात घातली. त्यात दमास्कसचा एक डॉक्टर अडकला. २०१५ मध्ये तो डेन्मार्कला पोचला, त्याला तात्पुरतं संरक्षण मिळालं, आणि पंचवीस वर्षांच्या संसारानंतर बायकोला बोलावण्यासाठी त्याने अर्ज केला. तीन वर्षं झाली नाहीत, म्हणून नाही, असं उत्तर आलं. प्रकरण स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेलं. ९ जुलै २०२१ रोजी सोळा विरुद्ध एक अशा मतांनी न्यायालयाने डेन्मार्कला दोषी ठरवलं. त्याची बाजू कुणी ऐकूनच घेतली नाही, सगळ्यांना एकच सरसकट मुदत लावली, हे त्या निकालाचं सार. दोन वर्षांपर्यंतच्या प्रतीक्षेबद्दल मात्र न्यायालयाने फारशी हरकत घेतली नाही. मग डेन्मार्कने काय केलं? तीनची दोन वर्षं केली.

हा निकाल मला अर्धवट वाटतो. दोन वर्षं ठीक आणि तीन वाईट, ही सीमा आली कुठून? दोन वर्षांत सीरियात काय काय होऊ शकतं, याचा हिशेब न्यायाधीशांनी मांडलेला नाही. सरकारांना कितपत मोकळीक द्यायची याचा मांडलाय. सरसकट प्रतीक्षेला आव्हान देता येतं, एवढं तरी त्यातून मिळालं, हे मान्य. पण आव्हान द्यायला त्या डॉक्टरला वकील, शिक्षण आणि चिकाटी होती. ज्याच्याकडे यातलं काही नाही तो दोन वर्षं मुकाट थांबतो.

या साऱ्या कायद्यांत थांबणं हे काही न करण्यासारखं गणलं जातं. 'नाही म्हटलेलं नाही, फक्त नंतर या.' मुलांच्या बाबतीत हा खोटेपणा लगेच उघडा पडतो. इरिट्रियाची एक मुलगी एकटीच नेदरलँड्सला पोचली. २६ फेब्रुवारी २०१४ ला तिने आश्रय मागितला. २ जूनला ती अठरा वर्षांची झाली. ऑक्टोबरमध्ये आश्रय मिळाला. मग तिच्या आईवडिलांसाठी आणि तीन लहान भावांसाठी अर्ज गेला, तर सरकार म्हणालं, तू आता सज्ञान आहेस, हा हक्क अज्ञान मुलांचा. अर्ज तपासायला सरकारने आठ महिने घेतले आणि त्या आठ महिन्यांत तिचं वय वाढल्याची शिक्षा तिलाच. लक्झेंबर्गमधल्या युरोपीय संघाच्या न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये हे फिरवलं: वय मोजायचं ते आश्रय मागितला त्या दिवशीचं. एवढा साधा नियम करायला लक्झेंबर्गपर्यंत जावं लागलं. ब्रिटनमध्ये तर हा प्रश्नही उद्भवला नव्हता, कारण एकट्या आलेल्या मुलाला आईवडील बोलावण्याचा हक्क तिथल्या नियमांत स्थगितीच्या आधीही नव्हता. पालक मुलांना पुढे धाडून मागाहून स्वतः येतील, ही त्यामागची भीती. ती अगदीच निराधार आहे असं मी म्हणणार नाही. असं कधी घडतही असेल. पण त्याची भरपाई चौदा वर्षांच्या पोराकडून करून घ्यायची का?

मग कागदपत्रं. इरिट्रियातून बेकायदा बाहेर पडलेल्या माणसाचं कुटुंब त्याच सरकारच्या कचेरीत जाऊन विवाहाचा दाखला मागू शकत नाही, हे सांगावं लागू नये. तरी सांगावं लागतं. बेल्जियमचं एक प्रकरण याहून बोलकं आहे. सीरियाच्या वायव्येला अफ्रीनमध्ये एक बाई दोन मुलांसह अडकली होती. नवऱ्याला बेल्जियममध्ये निर्वासित दर्जा मिळाला आणि त्यांच्या वकिलाने अर्ज ईमेलने पाठवला. उत्तर आलं, अर्ज वकिलातीत जातीने हजर राहूनच करावा. सीरियात बेल्जियमची वकिलात नाही. म्हणजे तुर्कस्तान, लेबनॉन किंवा जॉर्डन गाठायचं, युद्धातून, बंद सीमा ओलांडून, दोन मुलं घेऊन, कशासाठी तर सुरक्षित मार्गाने प्रवास करू द्या असा अर्ज द्यायला. १८ एप्रिल २०२३ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने ही सक्ती अशी सरसकट चालणार नाही असं सांगितलं. ओळख पटवण्यासाठी पुढे कधीतरी हजर राहायला सांगा, पण अर्जाच्या पायरीवरच अडवू नका. तहसीलमध्ये वारसाच्या नोंदीसाठी हेलपाटे घातलेल्या कुणालाही हे सरकारी तंत्र ओळखीचं वाटेल: हक्क नाकारायचा नाही, तो मागण्याची जागा तेवढी लांब नेऊन ठेवायची.

विरोधकांचे दोन मुद्दे मात्र वजनदार आहेत. पहिला होड्यांचा. कुटुंब मागून येऊ शकतं म्हटलं की तरुण पुरुष जीव धोक्यात घालून इंग्लिश खाडी ओलांडतो, आणि दलाल तेच आश्वासन विकतात. असेल. पण छोट्या होड्यांमध्ये बहुसंख्य पुरुष दिसतात, कारण बायका-मुलांना घरी ठेवून मागाहून रीतसर आणता येईल हा भरवसा होता. तो काढून घेतल्यावर त्याच होडीत बायकाही बसतील आणि तान्ही मुलंही, ही शक्यता सरकारने धरलेली दिसत नाही. रीतसर वाट बंद झाली की दलालाचा धंदा बसतो, हे गृहीतक मला तरी पटत नाही.

दुसरा मुद्दा घरांचा. स्थगितीच्या आधी निर्वासितांना आश्रय मिळाल्या मिळाल्या कुटुंबासाठी अर्ज करायची घाई असायची. ना नोकरी ना घर, त्यात कुटुंब येऊन पोचतं आणि बेघर म्हणून नगरपालिकेच्या दारात उभं राहतं, ही ब्रिटिश सरकारची तक्रार. नगरपालिकांवर ताण आहे हे खरंच. पण याच ब्रिटनने याहून वाईट दिवसांत काय केलं होतं, ते कोल्हापूरकरांना ठाऊक असायला हवं.

लग्नाचा बस्ता बांधायला कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला जाणाऱ्या अनेकांना माहीत असतं की ही पेठ फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी उभी केली. सिंधी येण्याआधी तिथे, वळिवड्याच्या छावणीत, १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बायका, मुलं, म्हातारे. १९४० मध्ये सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंडमधून त्यांना उचलून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेलं होतं. हिटलर रशियावर उलटल्यावर सुटका झाली आणि इराणमार्गे ते भारतात पोचले. घरचे पुरुष पोलिश जनरल अँडर्स यांच्या सैन्यात भरती झाले आणि ब्रिटिश सेनापतित्वाखाली इटलीत लढले. १९४४ मध्ये माँते कॅसिनोचा डोंगर ज्यांनी सर केला, ते हेच. इकडे त्यांची मुलं पंचगंगेच्या खोऱ्यात पोलिश शाळेत शिकत होती. युद्ध संपलं तेव्हा त्यांची गावं सोव्हिएत संघात गेलेली होती. परतायला जागा उरली नव्हती.

१९४७ चं ब्रिटन म्हणजे बॉम्बनी पडलेली घरं, हाडं गोठवणारा हिवाळा आणि पावावर रेशन. युद्धात कधी नव्हतं ते पावाचं रेशन युद्ध संपल्यावर आलं होतं. कामगार संघटनांचा पोलिश लोकांना ठेवून घ्यायला विरोध होता. तरी त्या वर्षी मार्चमध्ये संसदेने पोलिश पुनर्वसन कायदा केला. सैनिकांना राहू दिलंच, पण भारत, पूर्व आफ्रिका, मध्यपूर्व इथल्या छावण्यांतून त्यांच्या बायका-मुलांनाही जहाजांनी आणलं. वळिवड्यातली कितीतरी कुटुंबं अशीच इंग्लंडला गेली. रिकाम्या झालेल्या लष्करी तळांवरच्या अर्धगोल पत्र्याच्या बराकीत त्यांना ठेवलं. सोय बेताचीच होती. पण वर्षानुवर्षं नुसत्या पत्रांतून भेटलेली माणसं एका छपराखाली आली. कोणी उत्पन्नाचा दाखला मागितला नाही.

ते दोस्त राष्ट्रांचे सैनिक होते, गोरे होते आणि ब्रिटनच्या खाणींना, शेतांना माणसं हवी होती, म्हणून ते जमलं, असं कुणी म्हणेल. अगदी बरोबर. म्हणजे जागा आणि अन्न हा अडथळा नव्हता. माणसं हवीशी वाटत होती की नाही, एवढाच प्रश्न होता. आजचं ब्रिटन घरांची टंचाई पुढे करतं तेव्हा १९४७ चं रेशनकार्ड त्यांच्यासमोर ठेवावंसं वाटतं. आपल्याकडेही या कथेचा पहिला भाग मोठ्या अभिमानाने सांगितला जातो. महावीर उद्यानात स्मारक आहे, वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे आणि २०२४ मध्ये पंतप्रधान तिथे फुलंही वाहून आले. आपण आसरा दिला, इतकं सांगून आपण थांबतो. त्या बायका पुढे कुठल्या कायद्याने नवऱ्याकडे पोचल्या, हे विचारत नाही.

आता 'कुटुंब' कुणाला म्हणायचं, हा अवघड भाग. बहुतेक देश नवरा-बायको आणि अज्ञान मुलं इथेच थांबतात. मराठी माणसाला ही यादी अपुरी वाटेल. थकलेली आई, विधवा बहीण, भाऊ मारला गेल्यावर घरात घेतलेली पुतणी, ही आपल्या हिशेबात घरचीच. पण मी इथे सरकारांची अडचण समजू शकतो. चुलत-मावस सगळे घेतले तर यादी संपणारच नाही, आणि ती संपत नाही या भीतीनेच पहिल्या दोन नात्यांचा हक्कही जातो. दुसऱ्या बायकोला परवानगी न देणं, बालविवाहाला मान्यता न देणं, शंका असेल तिथे डीएनए चाचणी मागणं, यात मला गैर दिसत नाही. फक्त त्या पुतणीला डीएनएवर नापास करू नये. मुलासारखं सांभाळलेलं मूल आणि स्वतःच्या जिवावर राहू न शकणारे आईवडील, एवढ्यांना रीतसर जागा दिली तरी यादी आटोक्यात राहते.

परदेशांना एवढं सुनावल्यावर 'तुमच्याकडे काय?' असा प्रश्न येणारच. भारताने १९५१ चा करार स्वीकारलेला नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. शशी थरूर यांनी २०१५ मध्ये मांडलेलं आश्रयाचं खासगी विधेयक पुढे सरकलं नाही. आपण आसरा देतो तो आदेश काढून. गोंदिया जिल्ह्यात प्रतापगडजवळ नॉर्गेलिंगची तिबेटी वसाहत पन्नास वर्षांहून जुनी आहे. पुढच्या काळात तिबेटमधल्या अनेक आईवडिलांनी आपली लहान मुलं हिमालय ओलांडून नेपाळमार्गे भारतात, धरमशालेच्या शाळांत शिकायला पाठवली. आपण त्यांना राहू दिलं, शिकू दिलं. त्या मुलांना आईला बोलावण्यासाठी अर्ज करता यावा असं एकही कलम आपल्या कायद्यात नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून परकीय नागरिकांचा नवा कायदा लागू झाला आणि त्याच दिवशी केंद्राने काही गटांना पासपोर्ट-व्हिसाच्या अटींतून सूट देणारा आदेश काढला. त्यात तिबेटी आहेत, ठरावीक तारखेपर्यंत आलेले श्रीलंकेचे नोंदणीकृत तमिळही आहेत. सूट मिळालेल्याच्या जोडीदाराला आणि अज्ञान मुलांना, आणि एकट्या आलेल्या मुलाच्या आईवडिलांना तीच सूट मिळेल, एवढं एक वाक्य त्या आदेशात घालायला जिनिव्हाचा करार लागत नाही, संसदेचं अधिवेशनही लागत नाही. गृहमंत्रालयाची अधिसूचना पुरते.